महासाथ आणि मालकाची जबाबदारी : सुरक्षाकायद्याची दोनशे वर्षांची पार्श्वभूमी

कोविडच्या काळात कामगाराच्या संसर्गाला मालक कितपत जबाबदार, हा वाद जगभर पेटला तेव्हा तो प्रश्न कायद्यापुढे प्रथमच आल्यासारखी चर्चा झाली. वास्तविक पहिल्या कारखाना कायद्याचे मूळच एका साथीत आहे. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळील रॅडक्लिफ येथील सूतगिरणीत १७८४ साली तापाची साथ पसरली आणि स्थानिक न्यायाधिकाऱ्यांनी डॉ. थॉमस पर्सिव्हल व त्यांच्या सहकारी वैद्यांना चौकशीसाठी पाठवले. हा ताप गिरणीतच उपजला की बाहेरून आला, हे वैद्यांना ठरवता आले नाही आणि तसे त्यांनी अहवालात नमूदही केले. मात्र दाटीवाटी, कोंदट हवा आणि कोवळ्या मुलांकडून तासन्‌तास करून घेतलेले काम यांमुळे तो टिकला, पसरला आणि बळावला, याविषयी त्यांना शंका नव्हती. रोग आला कोठून आणि तो वाढला कशामुळे, हे दोन प्रश्न त्यांनी वेगळे ठेवले. पुढच्या दोन शतकांत कायद्याची गफलत झाली ती बहुतेक वेळा हे दोन प्रश्न एक मानल्यामुळे, असे मला वाटते.

या गिरणीच्या मालकांपैकी एक असलेले थोरले रॉबर्ट पील यांनीच पुढे संसदेत विधेयक मांडले आणि १८०२ चा कायदा झाला. त्यातील तरतुदी आज वाचताना नवल वाटते : गिरणीच्या भिंतींना वर्षातून दोनदा चुना लावावा, ताजी हवा खेळेल इतक्या खिडक्या ठेवाव्यात, शिकाऊ मुलांचे काम दिवसाला बारा तासांहून अधिक नसावे आणि पाहणीत संसर्गजन्य रोग आढळल्यास मालकाने स्वतःच्या खर्चाने वैद्य बोलवावा. पाहणी करायची ती एका न्यायाधिकाऱ्याने आणि एका धर्मोपदेशकाने. व्यवहारात हा कायदा जवळजवळ कागदावरच राहिला, पण हवा, गर्दी आणि खर्च या तिन्हींचा भार त्याने मालकावर टाकला होता.

त्यानंतर कायद्याचे लक्ष यंत्रांकडे गेले. १८३३ मध्ये सरकारी कारखाना निरीक्षक आले, १८४४ मध्ये धोकादायक यंत्रांना कठडे घालणे बंधनकारक झाले आणि साथीचे रोग सार्वजनिक आरोग्याच्या वेगळ्या कायद्यांकडे गेले. न्यायालये तर १८३७ च्या प्रीस्टली विरुद्ध फाउलर या खटल्यापासून असे धरून चालली की, कामातील धोका नोकराने पगाराबरोबरच पत्करलेला असतो.

संसर्ग कामगार कायद्यात परतला तो अँथ्रॅक्समुळे, म्हणजे जनावरांच्या लोकरीतून व कातड्यांतून माणसाला होणाऱ्या जीवघेण्या जंतुरोगामुळे. ब्रॅडफर्डच्या गिरण्यांत परदेशी लोकर निवडणारे कामगार एका विचित्र आजाराने दगावत असत. तो अँथ्रॅक्स असल्याचे १८८० च्या सुमारास डॉ. जॉन हेन्री बेल यांनी दाखवून दिले. १९०५ मध्ये ब्रिंटन्स विरुद्ध टर्व्ही या प्रकरणात ब्रिटिश उमरावांच्या सभागृहाने, म्हणजे तेव्हाच्या तेथील सर्वोच्च न्यायालयाने, निर्णय दिला की, लोकरीतील जंतू कामगाराच्या डोळ्यात जाणे हा कायद्याच्या भाषेत अपघातच होय, म्हणून भरपाई देय ठरते. जंतूला यंत्राच्या पट्ट्यात अडकलेल्या हाताच्या पंक्तीला बसवणारा हा निर्णय कामगारांच्या बाजूचा होता, यात वाद नाही. पण त्याचबरोबर एक चौकटही पक्की झाली : रोग त्या धंद्याचा असला पाहिजे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची पहिली परिषद १९१९ मध्ये वॉशिंग्टनला भरली, तेव्हा इन्फ्लुएन्झाच्या महासाथीने कोट्यवधी बळी घेतलेले होते. तरीही परिषदेने जंतूंविषयी केलेली शिफारस लोकरीतील अँथ्रॅक्सपुरतीच होती. फ्लू सर्वांनाच होत होता, म्हणून कायद्याच्या दृष्टीने तो कोणत्याच धंद्याचा नव्हता.

मालकाच्या कर्तव्याची आजची मांडणी १९३७ च्या विल्सन्स अँड क्लाइड कोल कंपनी विरुद्ध इंग्लिश या कोळसा खाणीच्या खटल्यातून आली. सक्षम सहकारी, योग्य साधने आणि सुरक्षित कार्यपद्धती पुरवणे ही मालकाची स्वतःची जबाबदारी असून ती व्यवस्थापकावर ढकलून त्याला मोकळे होता येत नाही, असे त्यात ठरले. अमेरिकेच्या १९७० च्या कायद्याने ज्ञात व गंभीर धोक्यांपासून कामाची जागा मुक्त ठेवण्याचे सर्वसाधारण कर्तव्य घातले. ब्रिटनमध्ये लॉर्ड रोबेन्स यांच्या समितीच्या अहवालानंतर १९७४ चा कायदा झाला आणि ‘वाजवीपणे शक्य असेल तितके’ हा मापदंड मध्यवर्ती झाला. यंत्रांची जंत्री देण्याऐवजी हे कायदे धोका ओळखून आधीच उपाय करण्यास सांगतात, त्यामुळे विषाणूलाही त्यांत जागा होती.

ती जागा प्रथम रुग्णालयांत भरली गेली. एचआयव्ही आणि कावीळ-बी यांच्या पार्श्वभूमीवर अमेरिकेने १९९१ मध्ये रक्तातून पसरणाऱ्या जंतूंविषयी नियम केला आणि संबंधित कर्मचाऱ्यांना कावीळ-बीची लस मोफत देऊ करणे मालकावर बंधनकारक ठरवले. कॅनडातील टोरांटोत २००३ मध्ये सार्स हा श्वसनाचा विषाणुजन्य आजार पसरल्यावर नेमलेल्या न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल यांच्या आयोगाचा निष्कर्ष अधिक मूलगामी होता : धोका कमी करणारी वाजवी पावले उचलण्यासाठी शास्त्रीय खात्रीची वाट पाहू नये. विषाणू हवेतून पसरतो की थेंबांतून, यावर तज्ज्ञांचा वाद चालू असताना परिचारिकांना अधिक संरक्षण देणारा मुखवटा नाकारणे आयोगाला मान्य नव्हते. सार्सनंतर सतरा वर्षांनी, कोविडमध्ये, हाच वाद पुन्हा जवळजवळ त्याच शब्दांत झाला.

कोविडने धंद्याच्या रोगाची चौकट ताणून धरली. अमेरिकेत शंभर किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांसाठी ‘लस घ्या किंवा नियमित चाचणी करा’ असा तातडीचा नियम नोव्हेंबर २०२१ मध्ये आला आणि १३ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्याला स्थगिती दिली. घरी, शाळेत, मैदानावर सर्वत्र असणारा धोका बहुतेक कामांच्या बाबतीत व्यवसायजन्य म्हणता येणार नाही, ही बहुमताची भूमिका. तर बंदिस्त जागेत इतरांबरोबर तासन्‌तास काढावे लागतात म्हणूनच कामाची जागा धोक्याची आहे, हे अल्पमताचे म्हणणे. एका बाजूने उगमाकडे पाहिले, दुसऱ्या बाजूने प्रसाराकडे.

ब्रिटनमध्ये वाद वेगळ्या वळणाने गेला. तेथील उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये ठरवले की संरक्षक साधने मिळण्याचा आणि गंभीर, नजीकच्या धोक्यात काम सोडण्याचा हक्क नोकरीचा करार असलेल्या कर्मचाऱ्यांपुरता ठेवून सरकारने युरोपीय निर्देशांचे पालन अपुरे केले आहे; फुटकळ कामे करणाऱ्यांनाही तो मिळायला हवा. मात्र हक्क असणे वेगळे आणि तो वापरता येणे वेगळे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी संपेपर्यंत कामावर येणार नाही असे कळवून घरी राहिलेल्या एका कारखाना कामगाराला बडतर्फ करण्यात आले. त्याच्या घरी एक तान्हे बाळ आणि रक्ताचा आजार असलेला मुलगा होता, पण कारखान्याची जागा प्रशस्त होती, तेथे एरवी पाचच माणसे काम करत आणि अंतर राखणे शक्य होते. बाहेरच्या साथीची भीती खरी असली तरी धोका त्या कामाच्या जागी होता असे मानण्यास वाजवी कारण नव्हते, असे म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये अपील न्यायालयानेही त्याच्या विरुद्ध निकाल दिला. निकाल कायद्याच्या शब्दांना धरून आहे. फक्त मालकाने आधीच जोखीम तपासून अंतराची आणि हात धुण्याची व्यवस्था केलेली होती, हे लक्षात न घेता तो सर्वत्र लागू करणे चुकीचे ठरेल.

आंतरराष्ट्रीय पातळीवर बदल त्यामानाने वेगाने झाला. जून २०२२ मध्ये श्रम संघटनेने सुरक्षित व आरोग्यदायी कार्यपरिसर हा मूलभूत हक्कांत समाविष्ट केला, त्यामुळे १९८१ चा करार क्रमांक १५५ मूलभूत करारांपैकी एक झाला; सुरक्षेच्या उपायांचा कोणताही खर्च कामगारावर पडू नये, असे त्याचे एकविसावे कलम सांगते. मुखपट्टीचे पैसे पगारातून कापण्याला त्यात वाव नाही. जून २०२५ मध्ये त्यापुढे जाऊन जैविक धोक्यांविषयीचा स्वतंत्र करार क्रमांक १९२ स्वीकारण्यात आला. अँथ्रॅक्सच्या शिफारशीनंतर शंभराहून अधिक वर्षांनी झालेला हा करार एखाद्या धंद्याच्या रोगापुरता मर्यादित नाही. अर्थात अनुसमर्थन केलेल्या देशांनाच तो बांधील राहील, आणि त्यातील कर्तव्ये मालकापर्यंत पोहोचतील ती प्रत्येक देशाच्या स्वतःच्या कायद्यातून व निरीक्षकांमार्फतच.