क्रँककेस संवातन झडप
क्रँककेस संवातन झडप (पीसीव्ही, म्हणजे पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन व्हॉल्व्ह): पेट्रोल एंजिनाच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे दट्ट्यांखालच्या बंद कोठीत, साचणारे वायू नियंत्रित प्रमाणात प्रवेशनळीत (एंजिनात हवा नेणाऱ्या नळीत) परत सोडणारी, स्प्रिंगवर चालणारी लहान झडप. नावातील ‘पॉझिटिव्ह’चा अर्थ ‘धन’ असा घेऊ नये. गाडी उभी असो वा धावती, संवातन हमखास होते, एवढेच त्यातून सुचवायचे आहे.

ज्वलनाच्या वेळी दट्ट्याच्या कड्यांजवळून काही वायू निसटून खाली क्रँककेसमध्ये येतात. त्यांत न जळालेले इंधन, पाण्याची वाफ आणि आम्लकारक घटक असतात. ते तिथेच राहिले तर वंगण तेलाचा चिखल होतो आणि वाढता दाब तेलाला सीलांमधून बाहेर रेटतो. पूर्वी यासाठी एक उघडी नळी गाडीच्या पोटाखाली सोडलेली असे. वाऱ्याच्या झोताने तिच्या तोंडाशी दाब कमी होई व वायू ओढले जात. गाडी थांबली की ही ओढही संपे.

झडपेचा उगम कोठला, यावर एकमत नाही. एका मताने तो दुसऱ्या महायुद्धातील लष्करी वाहनांत आहे. खोल पाणी ओलांडताना उघड्या नळीतून पाणी आत शिरू नये म्हणून त्यांत बंद संवातन वापरल्याचे सांगितले जाते. दुसरे मत लॉस एंजेलिसच्या धुरक्यापासून सुरू होते. हायड्रोकार्बने व नायट्रोजन ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ते बनते, हे रसायनशास्त्रज्ञ आरी हाखन-स्मिट यांनी 1950 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दाखवले. त्यावेळी सारा दोष गाडीच्या धुराड्याला (एक्झॉस्टला) दिला जाई. निर्बंध नसलेल्या गाडीच्या हायड्रोकार्बनांपैकी सुमारे पाचवा हिस्सा क्रँककेसमधून येतो, हे दशक संपता संपता ध्यानात आले. कल्पना आधीची आणि सार्वत्रिक वापर मात्र धुरक्यामुळे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. सक्तीचे वर्ष कोठे 1961 तर कोठे 1963 दिलेले असते. कॅलिफोर्नियातील विक्रीसाठीच्या अमेरिकी गाड्यांत ही यंत्रणा 1961च्या नमुन्यांपासून, तर उर्वरित अमेरिकेत 1963च्या नमुन्यांपासून आली. घोळ बहुधा त्यामुळे झाला असावा. भारतातील उत्सर्जन चाचण्यांत ‘प्रकार 3’ ही चाचणी याच बाबीची असून तीत क्रँककेसमधील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा वाढता कामा नये.

झडपेच्या आत एक निमुळती खुंटी असते. एंजिन आयडलिंगला (गाडी उभी ठेवून मंद चालू) असताना प्रवेशनळीतील निर्वात तीव्र असतो. खुंटी स्प्रिंगविरुद्ध ओढली जाते व वाट अरुंद होते. भार वाढला की निर्वात घटतो, स्प्रिंग खुंटीला मागे ढकलते आणि वाट मोकळी होते. निसटणारे वायूही नेमके तेव्हाच वाढलेले असतात. बॅकफायर झाल्यास, म्हणजे प्रवेशनळीत उलटा भडका उडाल्यास, खुंटी मागच्या बैठकीवर आदळून ज्वाला क्रँककेसमध्ये जाऊ देत नाही. म्हणून भोकात घट्ट बसली एवढ्यावर कोणतीही झडप चालत नाही. त्या एंजिनासाठी ठरवलेल्या प्रवाहाचीच हवी.

खुंटी उघडी अडकली तर जादा हवा शिरून आयडलिंग बिघडते व गाडी ऑइल खाऊ लागते. बंद अडकली तर सील पाझरतात आणि एअर फिल्टरमध्ये तेल येते. अनेक साध्या एंजिनांत झडप टॅपेट कव्हरवर (एंजिनाच्या माथ्यावरील झाकणावर) रबरी ग्रोमेटमध्ये, म्हणजे भोकातल्या कड्यात, दाबून बसवलेली असते. एंजिन चालू ठेवून, नळी न काढता झडप उपसावी आणि तोंडावर अंगठा धरावा. ओढ जाणवली तर नळी मोकळी आहे. काढलेली झडप हलवल्यावर खुळखुळली पाहिजे. अर्थात खुळखुळणे म्हणजे स्प्रिंग शाबूत असणे नव्हे.

बदलण्याचे काम थंड एंजिनावर करतात. पकडीने क्लिप मागे सरकवून नळी सोडवायची आणि झडप पिळत ओढायची. जुना ग्रोमेट उष्णतेने बिस्किटासारखा ठिसूळ झालेला असतो. तो ओरबाडला तर तुकडे कव्हरात पडतात, म्हणून आधी भोवताल पुसून तो कडेने उचलावा व झडपेबरोबर नवाच घालावा. फुगलेली वा चिरलेली नळीही ठेवू नये. काही झडपा आट्यांच्या असतात. त्या बेताने आवळाव्यात.

टर्बोच्या व बऱ्याच अलीकडच्या एंजिनांत खुंटीऐवजी रबरी पडदा असतो आणि काहींत तो टॅपेट कव्हरमध्येच बसवलेला असतो. तो फाटला की शिट्टीसारखा आवाज येतो. सुटा पडदा मिळत नसेल तर अख्खे कव्हर बदलावे लागते.