संततीवरून जनक ओळखायची रीत कुठून आली?

‘संकरातून निम्मी झाडे उंच आणि निम्मी बुटकी निघाली, तर जनकांचे जीनोटाइप (म्हणजे त्यांच्यातली जनुकांची जोडी) सांगा.’ अशी गणिते आपण पनेट चौकोन, म्हणजे दोन्ही जनकांची जनुके आडवी-उभी लिहून संततीच्या जोड्या जुळवायचा तक्ता, मांडून चुटकीसरशी सोडवतो. चौकोन विसाव्या शतकातला, पण हा उलटा तर्क खुद्द मेंडेलचा, म्हणजे वाटाण्यांवर आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मठवासी संशोधकाचा आहे.

१८२०च्या दशकात जॉन गॉस या इंग्रजाला संकरित वाटाण्याच्या एकाच शेंगेत हिरवे आणि पिवळे असे दोन्ही दाणे दिसले होते. त्याने ते नोंदवलेही, पण प्रमाण काढले नाही. ब्रनोच्या मठात मेंडेलने १८५६ पासून मोजायला सुरुवात केली. दुसऱ्या पिढीत ५४७४ दाणे गोल आणि १८५० सुरकुतलेले भरले. हे ३:१ सगळ्यांना पाठ असते. माझ्या मते खरी कमाल त्याच्या पुढच्या पायरीत आहे. सगळे गोल दाणे दिसायला सारखेच. मग त्यांतले शुद्ध (दोन्ही जनुके गोलपणाची) कोणते आणि मिश्र (एक गोलपणाचे, एक सुरकुतलेपणाचे) कोणते? त्याने गोल दाण्यांपासून ५६५ झाडे वाढवली, त्यांचे स्वपरागण होऊ दिले आणि शेंगा सोलल्या. १९३ झाडांवर नुसते गोल दाणे होते, तर ३७२ झाडांवर गोल आणि सुरकुतलेले दोन्ही. मिश्र आणि शुद्ध यांचे प्रमाण साधारण २:१. म्हणजे झाडाच्या पोटात काय दडले आहे, ते त्याच्या पोरांनी सांगितले.

फुलांचा रंग, खोडाची उंची असल्या गुणांसाठी मात्र दाणे पेरून झाडे वाढेपर्यंत थांबावे लागे. तिथे त्याने प्रत्येक झाडाचे दहाच दाणे पेरले. एक जरी अप्रभावी (मिश्र झाडात झाकला जाणारा गुण दाखवणारे) झाड उगवले, तर जनक मिश्र हे नक्की. पण दहाही प्रभावी (झाकणारा गुण दाखवणारे) निघाले म्हणून तो शुद्धच, असे नाही. मिश्र झाड असे निसटण्याची शक्यता सुमारे ५.६ टक्के असते. १९३६ मध्ये संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने नेमके इथेच बोट ठेवले. एकूण ६०० झाडांत मेंडेलला ३९९ मिश्र आणि २०१ शुद्ध मिळाली होती, आणि ही निसटती मिश्र झाडे शुद्धांत मोजली गेली असे धरले तर आकडे २:१ ला इतके चिकटून यायला नको होते. तो वाद पुढे बरीच वर्षे चालला.

संकरित झाडाचा अप्रभावी जनकाशी पुन्हा संकर, म्हणजे आजचा टेस्ट क्रॉस, हाही मेंडेलनेच केला. दोन गुणांच्या एका प्रयोगात चार प्रकारचे दाणे ३१, २६, २७ आणि २६ असे आले, जवळजवळ समसमान.

१८६६ साली छापलेला हा निबंध १९०० पर्यंत जवळपास धूळ खात पडला. नंतर इंग्रज जीवशास्त्रज्ञ बेटसनने होमोझायगस (शुद्ध) आणि हेटरोझायगस (मिश्र) ही भाषा आणली, तर १९०९ मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ योहानसनने जीनोटाइप आणि फिनोटाइप (बाहेर दिसणारे रूप) हे शब्द दिले. शुद्ध प्रभावीसाठी आपण कॅपिटल ए दोनदा लिहितो. मेंडेल एकदाच लिहायचा.

बेटसन आणि पनेट (चौकोनवाला) यांना स्वीट पी या फुलझाडाच्या दोन पांढऱ्या फुलांच्या जातींच्या संकरातून चक्क जांभळी फुले मिळाली, आणि पुढच्या पिढीत जांभळी-पांढरी ९:७. रंगाला दोन वेगवेगळी प्रभावी जनुके लागतात. एका पांढऱ्या जनकाकडे एक नव्हते, दुसऱ्याकडे दुसरे. नुसते पाहून हे दोन्ही जनक एकसारखेच वाटले असते.