हाफ पायडल

हाफ पायडल (बोलताना हाप पायडल, नाहीतर नुसतं हाप) म्हणजे मोठ्या माणसांच्या सायकलवर सीटवर न बसता, दांडीखालून, फ्रेमच्या त्रिकोणातून उजवा पाय पलीकडच्या पायडलवर घालायचा आणि सायकलच्या डाव्या अंगाला लटकत ती चालवायची. हिंदी पट्ट्यात हिलाच कैंची म्हणतात. महाराष्ट्रात साधारण १९९० पर्यंत खेड्यात आणि शहरात बहुतेक पोरं सायकल शिकली ती अशीच, कुणी मुद्दाम शिकवलं नाही, मोठ्या पोरांचं बघून लहानी करत गेली.

कारण सरळ होतं, घरात सायकल एकच आणि ती वडलांची. सोनपतची अ‍ॅटलस (१९५१), लुधियानाची हीरो (१९५६), मद्रासकडची हर्क्युलस, कंपनी कुठलीही असो, सायकल एकाच घडणीची, २८ इंची चाकं, २२ किंवा २४ इंची फ्रेम, सळईचे ब्रेक, मागे लोखंडी कॅरिअर, आणि वजन वीस किलोच्या आसपास. दांडी जमिनीपासून ऐंशी सेंटीमीटरच्या पुढे, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या पोराच्या जवळपास कमरेला. टांग मारणं शक्यच नाही, मारलीच तर खाली पाय पोचत नाही. छोट्या सायकली मिळायच्या पण दोन वर्षांत लहान पडणाऱ्या वस्तूवर पैसे घालायची पद्धत नव्हती. दुपारी वडील झोपले की सायकल हळूच बाहेर काढायची, स्टँडचा खाड आवाज होऊ न देता, हे त्यातलं पहिलं कौशल्य.

शिकायची सुरुवात हाफ पायडलने होत नाही, आधी सायकल नुसती हातात धरून पळवायची. ही पायरी लोक विसरतात पण माझ्या मते अर्धं शिक्षण इथेच होतं, हँडल जरा वळलं की अख्खं धूड कुठे कलतं ते हाताला कळतं. मग डावा पाय डाव्या पायडलवर ठेवून उजव्याने जमीन मागे ढकलायची, लंगडी घातल्यासारखं, आणि सायकल आपोआप चार-पाच हात गेली की तेवढा वेळ दोन्ही पाय वर. हे जमलं की उजवा पाय आत घालायचा. डावा हात हँडलच्या मुठीवर, उजवी काख सीटवर आणि उजव्या हाताने दांडी घट्ट धरलेली, पोरगं जरा मोठं असेल तर दोन्ही हात हँडलवर. पाय असा तिरका आत गेल्यावर पायडल पूर्ण फिरवता येत नाही, म्हणून उजव्या पायाने अर्धं दाबायचं आणि डाव्याने उलटं दाबून परत वर आणायचं, तेवढ्यात मागचं फ्रीव्हील कटकटकट वाजतं. जोर फक्त उजव्याचा, त्यामुळे सायकल एकसारखी न जाता हिसके घेत जाते. सराव झाला की फुल पायडल, म्हणजे त्याच आसनात पूर्ण चक्कर. चेनकव्हर नसेल तर उजव्या पोटरीच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचा पट्टा उठतो आणि घरी काही विचारावं लागत नाही.

नीट बघितलं तर हाफ पायडलवाली सायकल कधी सरळ उभी नसते, ती उजवीकडे कललेली असते आणि पोरगं डावीकडे बाहेर. सायकल आणि पोरगं मिळून जे वजन होतं त्याचा मध्य टायर जिथे जमिनीला टेकतो त्या रेषेच्या वर आला पाहिजे, तो तसा आला की झालं, दोघांपैकी कोणी एकटं सरळ असायची गरज नाही. तोल अंग सावरून जितका राहतो त्याहून जास्त हँडलने राहतो. सायकल ज्या बाजूला पडायला लागते त्याच बाजूला हँडल थोडं वळवायचं, मग चाकं त्या बाजूला सरकून परत वजनाच्या खाली येतात. नवशिक्या घाबरून नेमकं उलट्या बाजूला ओढतो आणि आडवा होतो. वेग असेल तर हँडल नावाला वळवलं तरी पुरतं, हळू असेल तर मोठमोठी वळणं लागतात, म्हणून शिकणाऱ्याची सायकल रस्ताभर नागमोडी जाते. गणपतीत किंवा शाळेच्या गॅदरिंगला स्लो सायकलिंगची स्पर्धा असते (शेवटी पोचेल तो जिंकला, पाय टेकला की बाद), ती अवघड असते ती याचमुळे.

फिरत्या चाकांमुळे सायकल भोवऱ्यासारखी उभी राहते असं पुष्कळ जण ठामपणे सांगतात. चाकाच्या फिरण्याचा काही वाटा आहे पण तेच कारण नाही. ब्रिटिश रसायनतज्ज्ञ डेव्हिड जोन्स यांनी पुढच्या चाकाशेजारी उलटं फिरणारं चाक बसवून तो परिणाम मारून टाकला आणि तरी ती सायकल चालवता आली, हे त्यांनी १९७० मधे छापलं. पुढे २०११ मधे कॉर्नेल आणि डेल्फ्टच्या संशोधकांनी चाकांचा हा परिणामही नाही आणि ट्रॉलीच्या चाकासारखं पुढचं चाक मागे खेचलं जाऊन आपोआप वळण्याचा परिणामही नाही अशी एक दुचाकी बनवली, तीसुद्धा ढकलल्यावर माणसाशिवाय स्वतःच तोल सांभाळत गेली.

हल्ली लहान सायकलला मागे दोन आधाराची चाकं लावून देतात. त्यात पोरगं पायडल मारायला शिकतं पण तोल शिकत नाही, कारण सायकल कलतच नाही, आणि चाकं काढली की पुन्हा पहिल्यापासून सुरू. हाफ पायडलमधे क्रम बरोबर उलटा, आधी तोल आणि मग पायडल, शिवाय पाय जमिनीपासून वीतभर वर त्यामुळे भीती कमी. बिनपायडलची जी बॅलन्स बाइक आता महाग दुकानांत मिळते तिचाही क्रम हाच, आणि ती काही नवीन नाही, कार्ल ड्राइसने १८१७ साली जर्मनीत मानहाइमला चालवलेली पहिली दुचाकी पायाने जमीन ढकलतच चालायची, पायडल १८६० च्या दशकात आली. धरायला कोणी असेल तर त्याने हँडल धरू नये, त्याने शिकणाऱ्याला हँडलचा अंदाजच येत नाही, कॅरिअर नाहीतर सरळ पोराचा खांदा धरावा.

पडणं ठरलेलं. उजवा पाय त्रिकोणात अडकलेला असताना सायकल अंगावर येते, म्हणून थांबायच्या आधी पाय बाहेर काढून डावीकडे उडी मारायची असते, ब्रेकचं नंतर बघू. पडल्यावर गुडघ्याच्या आधी हँडल बघतात. ते चाकाला तिरकं झालेलं असतं, मग पुढचं चाक दोन गुडघ्यांत दाबून हँडल पिळून सरळ करायचं. चेन उतरली असेल तर खालच्या दात्यांवर चढवून पायडल उलटं फिरवायचं.

मुलींच्या वाट्याला हे कमी आलं, एक तर दुपारच्या मोकळ्या सायकलीवर भावांचा हक्क आधी. तमिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ नंतर साक्षरता मोहिमेतच सायकल शिकणं जोडलं गेलं, तेव्हा शीला राणी चुंकत कलेक्टर होत्या, आणि हजारो बायका शिकल्या. लेडीज सायकली कमी पडल्या तर त्यांनी जेन्ट्स घेतल्या, आणि काहींना त्याच बऱ्या वाटल्या कारण दांडीवर मूल बसवता येतं.

शहरात भाड्याच्या दुकानात तासावर लहान सायकल मिळायची, मडगार्डवर नंबर रंगवलेला, वहीत नाव आणि वेळ. तास संपायच्या आत परत आणायची आणि मोडतोडीचे पैसे वेगळे. त्यात हाफ पायडल लागायचं नाही.

हाफ पायडलच्या पुढची पायरी दांडीवर बसून चालवायची, मग सीटवर, तिथेही पाय पुरत नाहीत म्हणून ढुंगण दोन्हीकडे हलवत पायडल गाठायचं आणि उतरायला ओटा किंवा मैलाचा दगड शोधायचा. आता १२ इंचापासून प्रत्येक मापाची सायकल मिळते. दूधवाल्यांकडच्या जुन्या घडणीच्या सायकलींवर गावाकडे अजून एखादं पोरगं असं लटकलेलं दिसतं, पण नव्या गिअरच्या सायकलींची दांडी उतरती असते आणि त्रिकोण एवढासा, त्यातही पाण्याची बाटली अडकवलेली, पाय आत जातच नाही.