कमानीखालचा गारवा
मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमाराला सीएसएमटीहून हुतात्मा चौकाकडे दादाभाई नौरोजी रस्त्याने चालत जा. उन्हात जीव नकोसा होतो, आणि कमानींखाली शिरलं की दोन पावलांत हायसं वाटतं. तरी दोन्हीकडे थर्मामीटरवर ऊन पडू न देता हवेचं तापमान मोजलं तर फार फरक दिसत नाही.

कारण आपल्याला जाणवणारी उष्णता नुसती हवेची नसते. वरून ऊन, खालून तापलेलं डांबर, बाजूच्या भिंती आणि काचा अशी सगळीकडून ती प्रारणांच्या रूपात अंगावर येते. भर उन्हात उभ्या माणसाला हा भार इतका पडतो, की जणू हवेपेक्षा २०-३० अंशांनी जास्त तापलेल्या भिंतींच्या खोलीत त्याला कोंडावं. कमान हे ऊन वरच्या वर अडवते आणि पायाखालची फरशीही तापू देत नाही. तिथल्या एखाद्या दगडी खांबाला हात लावून बघा: उन्हाकडची बाजू चटका देते, आतली गार लागते.

या कमानी कुणा एका मालकाची हौस नव्हती. तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी अशी वाट सोडायची, हे १८९६ च्या नियमांनीच ठरवून दिलं होतं.

पण मुंबईत सावलीने अर्धंच काम होतं. दमट हवेत घाम वाळायला वारा लागतो. प्लेगच्या साथीनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट काढला, तो बॅक बेकडचे खारे वारे आत यावेत म्हणून. त्यापायी कित्येकांची घरं गेली, हे विसरून चालणार नाही. समोरच्या मोकळ्या जागेच्या रुंदीच्या साधारण दुप्पट, एवढीच इमारतीची उंची असावी, असा साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियमही ट्रस्टने धरला होता. अर्थात गल्ली रुंद केली की वारा येतो, तसं ऊनही येतं. म्हणून मला कमान आणि मोकळा रस्ता ही जोडी फार शहाणपणाची वाटते.

उंच टॉवर हा काही वाऱ्याचा शत्रू नाही. वरचा जोरकस वारा त्याच्या दर्शनी भिंतीवर आपटून खाली उतरतो. पण पायथ्याशी पार्किंगचे पाच-सहा मजले प्लॉटच्या कडेपर्यंत भरले, की तो वारा या रुंद पायथ्याच्या, म्हणजे पोडियमच्या, गच्चीवरच अडतो. खाली फूटपाथवर समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही पान हलत नाही. हाँगकाँगने हे भोगलं आहे. २००३ च्या सार्सच्या साथीनंतर तिथे या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहिलं गेलं, आणि २००६ पासून मोठ्या सरकारी प्रकल्पांसाठी वायुवीजनाची तपासणी सुरू झाली. पोडियम पायऱ्यांसारखे मागे घ्या, दोन इमारतींत फट ठेवा, उंची कमीजास्त करा, अशा सूचना तिथे आहेत.

आपल्याकडे पुनर्विकासाच्या बैठकीत कार्पेट एरिया इंचाइंचाने मोजला जातो. पश्चिमेचा वारा प्लॉटमधून कुठून जाईल, हे दाखवणारा बाण मी अजून एकाही नकाशावर पाहिलेला नाही.