‘शोक’ या विषयावरच्या समूह प्रदर्शनासाठी अर्ज : पात्रता, निवेदन आणि कागदपत्रं

मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीसारख्या दालनात एकल प्रदर्शनाची तारीख मिळायची तर काही वर्षं थांबायची तयारी लागते. नव्या चित्रकाराला त्यामानाने समूह प्रदर्शनाचा रस्ता जवळचा. त्यातही एखादी तीव्र भावना विषय म्हणून दिलेली असते, तेव्हा अर्ज नेहमीपेक्षा वेगळा भरावा लागतो. इथे शोक हा विषय धरून ती प्रक्रिया सांगतो. बारीकसारीक अटी आयोजकांप्रमाणे बदलतात, त्यामुळे माहितीपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

पात्रता

साधारणपणे वयाची १८ वर्षं पूर्ण असावी लागतात. कलाशिक्षणाची पदवी बहुतेक ठिकाणी सक्तीची नसते. काम मूळ आणि स्वतःचं असावं. काही ठिकाणी ते आधी कुठे मांडलेलं नसावं, अशीही अट असते.

काम कोणत्या वर्षातलं चालेल, हे आधी बघा. ‘गेल्या दोन-तीन वर्षांतलंच’ ही अट शोकासारख्या विषयाला जाचक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. जर्मन चित्रकर्ती केथे कोलवित्झचा धाकटा मुलगा पेटर ऑक्टोबर १९१४ मध्ये युद्धात मारला गेला. त्याच्यासाठी तिने घडवलेले शोकमग्न आईवडिलांचे पुतळे बेल्जियममधल्या दफनभूमीत उभे राहिले ते थेट १९३२ साली. तेव्हा तुमचं काम जुनं असेल पण विषयाला भिडत असेल, तर आयोजकांना मेल करून विचारा. पुष्कळदा मुभा मिळते. वर्ष मात्र खोटं टाकू नका.

निवेदन

निवड समिती आधी प्रतिमा बघते आणि मग कामाबद्दलचं तुमचं निवेदन वाचते. दीडशे-दोनशे शब्दांची मर्यादा असते आणि बरेच अर्ज इथेच ढेपाळतात. ‘शोक ही मानवी जीवनातील अटळ भावना आहे’ अशी सुरुवात केलीत, तर हातातले शब्द वाया गेले. काय घडलं, ते कोणत्या माध्यमात आणलं आणि तेच माध्यम का, एवढं सांगा.

बंगाली चित्रकार-शिल्पकार सोमनाथ होर यांची सत्तरच्या दशकातली ‘जखमा’ ही मालिका आठवा. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात त्यांनी माणसं मरताना पाहिली होती. या मालिकेत ना चेहरा, ना रंग. मातीच्या सपाट थरावर चिरा पाडायच्या, त्यावरून सिमेंटचा साचा घ्यायचा आणि त्यात कागदाचा लगदा दाबायचा. हाती येतो तो पांढरा कागद आणि त्यावर पांढरीच जखम. शोकाचं चित्र म्हणजे रडणारा माणूस, असं धरून बसू नका. निवेदनात कृती अशी नेमकी उतरली की भावना वेगळी सांगावी लागत नाही.

घरातलं दुःख किती उघड करायचं, ते तुम्ही ठरवा. समितीला मृत्यूचा दाखला नको असतो.

कागदपत्रं

आधार किंवा दुसरं ओळखपत्र, एका पानाचा बायोडेटा, स्वतःचा फोटो आणि सही केलेलं हमीपत्र लागतं. काम विक्रीला ठेवणार असाल, तर पॅन आणि रद्द केलेला चेकही जोडा. कामाचे फोटो काच लावण्याआधी, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता काढा. फाइलच्या नावात आपलं नाव आणि कामाचं शीर्षक हवं. सोबत माध्यम, वर्ष, किंमत आणि सेंटिमीटर की इंच हे लिहून उंची व रुंदी द्या. मुद्राचित्र (ठशावरून छापलेलं चित्र) असेल, तर आवृत्तीचा क्रमांक, म्हणजे एकूण प्रतींपैकी ही कितवी, तेही द्या.

शोकाच्या कामांत दिवंगत माणसाची पत्रं, जुने फोटो, दवाखान्याचे कागद हमखास येतात. तिथे एक कायदेशीर बाब सांभाळा. पत्र तुमच्या कपाटात असलं, तरी त्यातल्या मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा असतो आणि त्याच्या पश्चात वारसांचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या मजकुरावर तो मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो; हयातीत अप्रकाशित राहिलेल्या पत्रांसाठी ही ६० वर्षं पहिल्या प्रकाशनापासून मोजतात. म्हणून आजीची पत्रं कोलाजमध्ये चिकटवली असतील, तर मामा-मावशीची लेखी संमती जोडा. वर्तमानपत्रातला फोटो असेल, तर ज्याच्याकडे हक्क आहेत त्याची परवानगी हवीच. दवाखान्याच्या कागदावरचे नोंदणी क्रमांक आणि डॉक्टरांचं नाव झाकून टाका.

निवड झाल्यावर

प्रवेशशुल्क परत मिळत नाही, असं गृहीत धरा. दालनाचं कमिशन किती, जाण्या-येण्याचा वाहतूक खर्च कोणाचा, विमा आहे का, हे काम पाठवण्याआधी लेखी घ्या. ज्या कामापासून दूर होणं जमणार नाही, त्यासमोर ‘विक्रीसाठी नाही’ असं अर्जातच लिहा. उद्घाटनाच्या दिवशी गिऱ्हाईक समोर आल्यावर नकार देणं फार जड जातं. आणि विकलं, तरी लेखी करार करून दिल्याशिवाय कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो.

फ्रेमच्या पाठीमागे नाव, शीर्षक आणि फोन नंबर चिकटवा. काम देताना त्याची स्थिती नोंदवलेली पोच घ्या. परत घेताना त्याच पोचेशी ताडून, कोपरे आणि काच तपासूनच सही करा.