फुंकलेली काच: घेण्याआधी आणि घेतल्यानंतर

आमचे दोन पेले शेजारी ठेवले तर एक किंचित बुटका वाटतो, दुसऱ्याचा तळ थोडा जाड निघतो. 'सेट आहे ना, मग सारखे का नाहीत?' हे आम्हाला नेहमी विचारलं जातं. आणि ज्यांनी भट्टीपाशी उभं राहून काम पाहिलं, ते विचारतात, 'पेला तर डोळ्यांदेखत झाला, मग आजच का देत नाही?' दोन्ही प्रश्नांचं उत्तर काचेच्या तापण्यात आणि निवण्यात आहे. वस्तू घरी नेल्यावर ती टिकेल की तडकेल हेही त्यावरच ठरतं, म्हणून हे पत्रक.

काच म्हणजे मुख्यतः वाळू, पण शुद्ध, सिलिकाची. नुसती सिलिका वितळवायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस लागतात. एवढी आच पेलणं लहान भट्टीच्या आवाक्याबाहेरचं. तिच्यात सोडा मिसळला की ती बऱ्याच कमी तापमानाला वितळते. मात्र नुसत्या सोड्याची काच पाण्यात विरघळते, म्हणून चुना घालावा लागतो. वाळू, सोडा, चुना हे मूळ मिश्रण फार जुनं आहे, आणि खिडकीच्या तावदानापासून बाटलीपर्यंत बहुतेक काच आजही त्याचीच असते. आमची भट्टी कामाच्या वेळी ११०० अंशांच्या आसपास असते. ती रात्रीही विझवत नाही, कारण सारखी तापवली-निववली तर आतलं काच वितळवायचं भांडंच फुटतं.

फुंकणी म्हणजे सुमारे दीड मीटर लांबीची पोकळ पोलादी नळी. तिचं टोक वितळलेल्या काचेत बुडवून फिरवायचं, चमच्यावर दाट मध गुंडाळून घ्यावा तसं. बाहेर आल्यापासून फुंकणी फिरवत राहावी लागते. हात थांबला की गोळा एका बाजूला ओघळलाच. मग तो पोलादी पाट्यावर लोळवतात. पाट्याला टेकलेली काच आधी निवते, वरचा थर घट्ट होतो आणि आतली काच मऊ राहते. आता फुंकलं की हवा त्या मऊ भागातून वाट काढते आणि बुडबुडा धरतो. पाहणाऱ्याला वाटतं, सगळा जोर फुप्फुसांचा. खरं तर फुंकर हलकीच असते. गोळ्याचा कुठला भाग किती तापलेला आहे, हे कारागीर त्याच्या रंगावरून आणि ओघळण्यावरून ओळखतो, आणि बुडबुडा तिथेच वाढतो जिथे काच जास्त गरम असते. एखाद्या बाजूची भिंत पातळ होऊ लागली तर ती बाजू थंड करायची. फुंकर कमी करून भागत नाही.

घडवायची हत्यारं साधी आहेत: ओल्या लाकडाचा खोलगट ठोकळा, मोठा चिमटा, कात्री, आणि भिजवलेल्या वर्तमानपत्राची जाड घडी. लाल गोळा ओल्या कागदावर थेट हाताने फिरवता येतो, कारण मध्ये वाफेचा पातळ थर तयार होतो. दर थोड्या वेळाने गोळा शेकायच्या भट्टीत जातो, मऊ होऊन परत येतो. तळ तयार झाला की त्याला दुसरी भरीव सळई चिकटवतात, तोंडाकडची बाजू फुंकणीपासून तोडतात आणि काठ पुन्हा तापवून गोल करतात. तळाशी हाताला लागणारी बारीक खूण त्या सळईची आहे. काही वस्तूंवर ती घासून काढतो, काहींवर मुद्दाम ठेवतो.

फुंकणीची ही युक्ती ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर निघाली. त्याआधी मातीच्या गाभ्याभोवती वितळलेली काच चढवून कुप्या करत. त्या लहान असत, आणि महागही. फुंकणी आल्यावर रोमन काळात काच सामान्य घरांत पोहोचली. १९०३ च्या सुमारास अमेरिकेत मायकेल ओवेन्स यांचं बाटल्या करणारं यंत्र आलं आणि तंतोतंत सारख्या बाटल्या हे यंत्राचं काम झालं. ते आम्ही त्याच्याकडेच सोपवलं आहे.

पेला 'झाला' की आमच्या लेखी काम अर्धंच झालेलं असतं. उघड्यावर ठेवला तर बाहेरची बाजू आधी निवून आकसते, आतली मागे राहते, आणि हा ताण काचेत कोंडून बसतो. असा पेला कदाचित लगेच फुटेल, कदाचित महिन्याभराने कपाटात आपोआप. म्हणून तो सुमारे ५०० अंशांच्या भट्टीत ठेवून हळूहळू गार करतात. पातळ पेल्याला एक रात्र पुरते, जाड ठोकळ्याला काही दिवस लागतात. घाई करा म्हणालात तरी इथे आमचा नाइलाज आहे.

एक विनंती वारंवार येते: 'घरची जुनी बाटली वितळवून फुलदाणी करून द्या.' नुसती तीच काच असेल तर प्रयत्न करता येतो. आमच्या काचेत मिसळून मात्र नाही. दोन वेगळ्या काचा निवताना कमी-जास्त आकसतात आणि जोडावर तडा जातो. याच कारणाने रंगीत काचही आमच्या काचेशी जुळणारीच घ्यावी लागते. निळ्यासाठी कोबाल्ट, हिरव्यासाठी लोह. सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांनी येणारा माणकासारखा लाल रंग तर पहिल्यांदा दिसतही नाही. काच निवून पुन्हा तापवली की उमटतो.

काचेत अडकलेला हवेचा बारीक बुडबुडा आम्ही दोष मानत नाही, त्याने ताकद कमी होत नाही. न वितळलेला खडा दिसला तर वस्तू परत भट्टीत जाते, कारण त्याच्याभोवती ताण राहतो.

घरी नेल्यावर एवढंच: फ्रिजमधून काढलेल्या पेल्यात उकळतं पाणी ओतू नका. जाड काच मजबूत वाटते, पण अशा धक्क्याला तीच आधी तडकते, कारण तिच्या आतबाहेर तापमानाचा फरक जास्त पडतो. धुताना तारेची घासणी किंवा वाळू वापरू नका. तडा बहुधा ओरखड्यापासून सुरू होतो. फुलदाणीत पाण्याचे पांढरे डाग पडले तर व्हिनेगर घालून तासभर ठेवा. एकात एक अडकलेले पेले ओढू नका: आतल्यात गार पाणी घाला, बाहेरचा कोमट पाण्यात धरा आणि हलकेच फिरवा.

काठाचा टवका उडाला असेल तर वस्तू घेऊन या. बहुतेक वेळा काठ घासून गुळगुळीत करता येतो, उंची जराशी कमी होते. तडा गेलेली वस्तू मात्र दुरुस्त होत नाही. ती डिंकाने जोडून शोभेला ठेवा, पिण्यासाठी नको.