लॅन जोडणीतील तुटकपणा आणि त्याचा शोध (गोवा)

लॅन (कार्यालयातले संगणक एकमेकांना जोडणारे जाळे) जोडणीतील तुटकपणा : कार्यालयातील संगणक केबलने स्विचला (सगळ्या केबली एकत्र जोडणाऱ्या पेटीला) जोडलेला असूनही संपर्क मधूनमधून तुटणे व आपोआप पुन्हा जुळणे. गोव्यात याला बोलताना ‘नेट येता-वता’ (येते-जाते) म्हणतात. जोडणी पूर्ण बंद पडली तर कारण लवकर सापडते. तुटक जोडणी मात्र तपासायला माणूस आला की नेमकी सुरळीत चालते. वेबपान वाचताना दोन सेकंदांचा खंड जाणवतही नाही, पण दुसऱ्या संगणकावरची हिशेबाची फाइल उघडी असेल तर तेवढ्यात ती बंद पडते आणि अर्धे भरलेले बिल पुन्हा भरावे लागते.

केबलमध्ये तांब्याच्या आठ तारा, म्हणजे पीळ दिलेल्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) वेगाला त्यांतल्या दोनच जोड्या, १, २, ३ व ६ क्रमांकाच्या पिनांवरच्या, पुरतात. १९९९ साली या केबलसाठी प्रमाणित झालेल्या गिगाबिट (१००० एमबीपीएस) इथरनेटला चारही लागतात. त्यामुळे निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार सैल झाली तर जोडणी बंद न पडता १०० वर उतरते किंवा दोन वेगांमध्ये हेलकावे खात राहते. संगणक व स्विच दोन्ही गिगाबिटचे असून जोडणीच्या स्टेटसमध्ये १०० दिसत असेल, तर ड्रायव्हरच्या (लॅनकार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) मागे लागण्याआधी केबलची दोन्ही टोके पाहावीत.

गोव्यात ही टोकेच पहिल्यांदा दगा देतात. किनाऱ्यावरची खारी हवा आणि जून ते सप्टेंबरची ओल पिनांवर कळंक चढवते. पिनांवरचा सोन्याचा मुलामा पितळेच्या भांड्याला कल्हई जे करते तेच करतो. स्वस्त प्लगमध्ये तो नावापुरता असतो आणि विरला की खालचा धातू उघडा पडतो. प्लग काढून परत घातला की पिना एकमेकींवर घासतात, मळ खरवडला जातो आणि जोडणी काही दिवस चालते. ‘काढून घातली, झाली ठीक’ हा समज यातूनच होतो. प्रत्यक्षात तो उपाय नव्हे, प्लग बदलायची वेळ झाल्याची खूण आहे. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारांची स्वस्त केबलही विकली जाते. ती वाकवली की लवकर मोडते. कार्यालयात ती अजिबात वापरू नये.

म्हापशातील एका कार्यालयात रोज दुपारी तिननंतर एकाच टेबलाचे लॅन तुटत असे. संगणक बदलला, तरी फरक नाही. शेवटी टेबल पुढे ओढून पाहिले, तेव्हा एसीच्या पाइपासाठी चिऱ्याच्या भिंतीत पाडलेल्या भोकातूनच केबलही आणलेली आढळली. एसी दोन-तीन तास चालला की पाइपाला सुटलेला घाम केबलवरून ओघळत भिंतीवरच्या बॉक्समध्ये उतरत होता. आतल्या पिना हिरव्यागार झाल्या होत्या. बॉक्समधला जॅक बदलला आणि केबलला बॉक्सच्या खालपर्यंत झोळ दिला, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशीच गळून पडतो.

शोध घेताना एका वेळी एकच वस्तू बदलावी. दोन बदलल्या तर दोष गेला तरी कुठला होता ते कळत नाही, आणि चांगली वस्तू भंगारात जाते. आधी शेजारच्या टेबलावरची चालू केबल लावावी, मग स्विचचा पोर्ट (केबल खोचायची खाच) बदलावा, मग त्याच जागी दुसरा संगणक लावून पाहावा. दोष ज्या वस्तूबरोबर सरकतो ती वस्तू सदोष. त्याच वेळी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्यांत पिंगची (दुसऱ्या यंत्राकडून उत्तर येते का ते पाहणारी) आज्ञा -t जोडून चालू ठेवावी, एकीत राउटरचा (कार्यालयाला इंटरनेटशी जोडणाऱ्या यंत्राचा) आयपी पत्ता, दुसरीत बाहेरचा एखादा. फक्त बाहेरचे उत्तर थांबले तर दोष राउटर किंवा सेवा पुरवठादाराच्या बाजूला. राउटरचेही थांबले तर तो बहुधा कार्यालयातच आहे. संगणकावरच्या नेटवर्कच्या चिन्हावर ‘केबल निघाली आहे’ असा इशारा येत असेल, तर तार, प्लग, पोर्ट किंवा लॅनकार्ड यांपलीकडे शोधायची गरज नाही.

इशारा नसेल तर मात्र संगणकाचा आयपी पत्ता पाहावा. १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता म्हणजे राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. प्रिंटरला हाताने दिलेला पत्ता राउटरने संगणकालाही दिला, तर दोघे आळीपाळीने तुटतात. वीज वाचवण्यासाठी लॅनकार्ड झोपवण्याची सोय डिव्हाइस मॅनेजरमध्ये बंद करून पाहावी. सगळ्याच टेबलांचे नेट एकदम गेले, तर एकाच केबलची दोन्ही टोके चुकून एकाच स्विचमध्ये खोचलेली नाहीत ना, हे बघावे.

एका इमारतीतून दुसरीत ओढलेली तांब्याची केबल हा गोव्यातला वेगळा धोका. एकूण लांबी १०० मीटरच्या आत असली तरी पावसाळ्याच्या तोंडावर आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात जवळपास पडलेली वीज तारेत दाब निर्माण करते. पोर्ट कधी जागीच जळतो, कधी अर्धमेला होऊन पुढे कित्येक आठवडे मधूनमधून तुटत राहतो. असा पोर्ट दुरुस्त करण्यात अर्थ नाही. त्यावर पट्टी चिकटवून तो बंद ठेवावा आणि दोन इमारतींमध्ये फायबर (काचेच्या तंतूंची केबल) टाकावी, कारण काचेतून वीज वाहत नाही. मात्र आधारासाठी धातूची तार असलेली फायबर घेतली तर ती तार दोन्ही टोकांना स्विचपासून दूरच तोडावी लागते.